भाव वाढला, म्हणजे चांगले झाले का?

नाशिक जिल्ह्यात अर्धे नातेवाईक शहरात आणि अर्धे शेतात अशी ज्यांची विभागणी आहे, त्यांच्या घरी कांद्याच्या भावाची बातमी सगळेजण एकाच चेहऱ्याने कधीच ऐकत नाहीत. आमचे घर त्यांपैकीच एक. सासरे सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, आम्ही दोघे नोकरी करणारे, राहायला इंदिरानगरला. आणि माझे माहेर निफाड तालुक्यात, जिथे माझा थोरला भाऊ वडिलोपार्जित जमिनीत कांदा, मका आणि थोडी द्राक्षे करतो. त्यामुळे कांदा महागल्याची पट्टी टीव्हीच्या पडद्याखालून सरकू लागली की सासूबाईंच्या कपाळावर आठी पडते, मी मनातून सुखावते, आणि सासरे, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, ते आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहून वर्तमानपत्राचे पान उलटतात.

थोरली तिसरीत आहे आणि धाकटा अजून बालवाडीत. एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना थोरलीने विचारले, "आई, कांद्याचा भाव वाढला म्हणजे चांगलं झालं की वाईट झालं? आजी म्हणते वाईट झालं, आणि तू मामाला फोनवर म्हणालीस, बरं झालं." प्रश्न इतका सरळ होता की त्याला तितकेच सरळ उत्तर देणे शक्य नव्हते. आजीचे आणि माझे, दोन्ही खरे आहे, असे मी सांगून पाहिले. परंतु तिसरीतल्या मुलीला दोन उत्तरे असलेले गणित चुकीचे वाटते. "दोन्ही कसं बरोबर असेल?" या तिच्या उलटप्रश्नातून पुढे घरात बरेच काही सुरू झाले.

लहान मुले असलेल्या घरात बातम्या लावाव्यात की नाही, यावर आमच्या इमारतीतील आयांची खाली बाकावर बसून नेहमी चर्चा होते. बहुतेकींनी मुले जागी असेपर्यंत टीव्हीवरच्या बातम्या बंद ठेवल्या आहेत, आणि युद्ध, अपघात, गुन्हे यांच्यापुरते माझेही मत तेच आहे. जे पाहून मूल फक्त घाबरेल आणि ज्याचे त्याला काहीही करता येणार नाही, ते त्याच्यासमोर मांडण्यात अर्थ नाही. पण ज्या बातमीचे दुसरे टोक आपल्याच घरात आहे, तिच्यापासून मुलांना दूर ठेवणे मला पटत नाही. गंगापूर धरणात किती पाणी आहे, ही बातमी आमच्या नळापर्यंत येते. अवकाळी पाऊस झाला, ही बातमी मामाच्या फोनवरून येते. आणि लासलगावचा कांदा तर थेट आमच्या टोपलीत पडलेला असतो. अशा बातमीचे मूल आपल्या हाताने मोजमाप करू शकते, तिची खातरजमा करू शकते, आणि मोठी माणसे एकाच गोष्टीवर वेगवेगळे का बोलतात हे त्याला भांडण न पाहता कळू शकते. चर्चेच्या नावाखाली सात-आठ जण एकाच वेळी ओरडत असलेले कार्यक्रम मात्र आमच्याकडे मुलांसाठीच नव्हे, आबांसाठीही बंद आहेत. त्यांचा रक्तदाब वाढतो.

थोरलीला पहिली गोष्ट शिकवावी लागली ती मापाची. तिची आजी किलोत बोलते आणि मामा क्विंटलमध्ये. वर्तमानपत्रात लासलगावचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव छापून येतात, तेही क्विंटलचे. शंभर किलोचा क्विंटल, म्हणून क्विंटलचा भाव बाराशे असेल तर किलोला बारा रुपये, हे तिने पटकन केले. त्यानंतरचा तिचा प्रश्न साहजिक होता: मामाला बारा मिळतात, मग आजी पंचवीस का देते? आबांनी तिला कागदावर एक लांबच लांब ओळ काढून दिली. शेतातून ट्रॅक्टरने बाजार समितीत, तिथे लिलाव, हमाली, तोलाई, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर निवड आणि गोण्या भरणे, मग ट्रक, मग घाऊक बाजार, मग हातगाडी. वाटेत सुकलेला, दबलेला आणि सडलेला माल प्रत्येकाने आपापल्या हिशेबात धरलेला. सगळे टप्पे लुटारूंचे असतात असे आम्ही तिला सांगितले नाही, कारण ते खरे नाही. हमालालाही घर असते आणि हातगाडीवाल्या काकांचा सडलेला कांदा कोणी परत घेत नाही. पण या ओळीत भाव ठरवण्याचा अधिकार ज्याला सर्वांत कमी आहे तो पहिल्याच टोकाला उभा आहे, एवढे मी सांगितले. हे माझे मत आहे आणि ते माहेरच्या बाजूला झुकलेले आहे, हे आबांनी लगेच नोंदवले.

तीन भावांतील कमाल आणि किमान यांच्यात एवढे अंतर का, हे मात्र कागदावर समजले नाही. त्यासाठी सुट्टीत आजोळी जावे लागले. मामाने तिला खळ्यावर बसवून ढीग निवडायला लावला. मोठा, गोल, घट्ट मानेचा, चांगली पत्ती असलेला एकीकडे. लहान ती गोल्टी दुसरीकडे. जोड कांदे, आणि ज्यांना शेतातच डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, आले होते ते तिसरीकडे. एकाच वाफ्यातून निघालेल्या मालाला तीन भाव का पडतात, हे तिला तासाभरात कळले. धाकट्याने गोल्टीचे चेंडू करून अंगणभर पसरवले आणि मामीने ते निमूटपणे पुन्हा गोळा केले.

आमच्या स्वयंपाकघराचे वर्ष कांद्यावरूनच ओळखता येते, आणि नाशिककडच्या कुठल्याही घरात हे असेच असावे. पावसाळ्यात लावलेला लाल कांदा दिवाळीच्या आगेमागे येऊ लागतो. त्यामागून रांगडा येतो तो जानेवारी-फेब्रुवारीत. हा कांदा रसदार आणि तिखट असतो, पण त्यात पाणी जास्त असल्यामुळे टिकत नाही. आणावा आणि संपवावा. याच दिवसांत निफाडची थंडी राज्यभर बातमीचा विषय होते, द्राक्षबागायतदार रात्री शेकोट्या पेटवून बागा सांभाळतात, आणि आमच्याकडे पातीचा झुणका होतो. कोवळी पात बारीक चिरून, तेलात जिरे, मोहरी, लसूण आणि हिरवी मिरची परतून, पात त्यात नुसती मऊ होऊ द्यायची. मग वरून बेसन भुरभुरवत झाकण ठेवून मंद आचेवर दोनदा वाफ आणायची. पाण्याचा हबका फारच कोरडे वाटले तर. सोबत बाजरीची भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. सुरीने कापलेल्या कांद्याला जो मुलगा हातही लावत नाही, तोच धाकटा स्वतःच्या बुक्कीने फोडलेला कांदा डोळे मिचकावत खातो. मुलांना काय खायचे यापेक्षा ते स्वतः कसे करायचे यात जास्त रस असतो, हे मी त्याच्याकडूनच पाहिले.

खरा ठेवणीचा तो उन्हाळ कांदा. डिसेंबर-जानेवारीत लागण होऊन तो मार्चअखेरपासून मे महिन्यापर्यंत निघतो, पातीसकट शेतात वाळवला जातो, आणि मग चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमध्ये, भरतात. देशात वर्षभरात पिकणाऱ्या कांद्यातला निम्म्याहून बराच अधिक हिस्सा या रब्बी कांद्याचा असतो आणि त्याच्यावरच दिवाळीपर्यंतचे महिने काढायचे असतात. आमच्याकडेही एप्रिल-मे महिन्यात मामाच्या पिकअपमधून गोण्या येतात. त्याच उन्हात सासूबाई कांद्याचे काप गच्चीवर वाळवतात, ते तेलात तळून, भाजलेले खोबरे आणि गरम मसाल्यांबरोबर कुटून वर्षाचा काळा मसाला होतो. पूर्वी हे काम चार घरच्या बायका मिळून करीत. आता मसाला कांडपावर जातो, पण कांदा वाळवणे आणि तळणे घरीच होते, आणि त्या दिवशी आमच्या मजल्यावरील सगळ्यांना तो वास सोसावा लागतो.

गोण्यांतला कांदा आम्ही गोणीत ठेवत नाही. मागच्या गॅलरीत बाजेवर एकेरी थर पसरतो, वारा लागला पाहिजे, ओल लागता कामा नये, आणि बटाटे त्याच्या जवळ नकोत. रविवारी निवड करण्याचे काम थोरलीकडे आहे. मऊ लागलेला, काळी बुरशी धरलेला बाजूला, कोंब आलेला वेगळा. कोंब आलेले कांदे ती कुंडीत खोचते आणि पंधरवड्यात ऑम्लेटपुरती पात निघते. या रविवारच्या कामातूनच तिला त्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातला महत्त्वाचा भाग सापडला. जुलै-ऑगस्टपर्यंत तिच्या लक्षात आले की बाजेवरचा कांदा आम्ही खाल्ला त्याहून अधिक कमी झाला आहे. काही सडला, काही कोंबांत गेला आणि उरलेला वाळून हलका झाला. चाळीतही हेच होते. चार-पाच महिन्यांत साठवलेल्या वजनाचा तिसरा हिस्सा जाणे यात शेतकऱ्याला नवल वाटत नाही. म्हणजे मे महिन्यात बारा रुपयांनी न विकलेला कांदा ऑक्टोबरमध्ये अठराने विकला, तर मामाला दीडपट मिळाले असे होत नाही. शंभर किलोचे सदुसष्ट उरले असतील, तर जवळजवळ मूळचेच बाराशे रुपये हाती येतात, आणि चाळीचा खर्च वेगळा. शिवाय ज्या मेमध्ये अवकाळी येतो, जसा तो २०२५ च्या मे महिन्यात आला, त्या वर्षी शेतातच भिजलेला कांदा चाळीत टिकतच नाही. शहरात भाव कडाडतो तेव्हा मामाकडे विकायला कांदा शिल्लक असतोच असे नाही, हे समजल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे भाव वाढला तरी मामाचं चांगलं झालंच असं नाही."

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येते, हा धाकट्याचा स्वतंत्र विषय आहे आणि त्याला राजकारणात रस नाही. त्याला सांगितलेले शास्त्र थोडक्यात असे: कांद्याच्या पेशीत दोन वस्तू वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, सुरीने कप्पे फुटले की त्या एकत्र येतात, त्यांच्यापासून गंधक असलेला एक वायू तयार होतो आणि तो डोळ्यांना झोंबतो, डोळे तो धुऊन काढण्यासाठी पाणी सोडतात. धार असलेल्या सुरीने कमी पेशी चिरडतात म्हणून कमी झोंबतो, आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलेला कांदाही कमी झोंबतो. हे ऐकून झाल्यावर त्याने सुरी मागितली. ती अर्थातच मिळाली नाही.

डिसेंबर २०२३ हा महिना आमच्या घराच्या स्मरणात आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, तेव्हा जिल्ह्यातील बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले होते. नंतर सरकारसाठी कांदा खरेदी करणाऱ्या नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत २,४१० रुपये क्विंटलने खरेदी जाहीर झाली. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आले, म्हणजे त्याहून कमी दराने कांदा बाहेर पाठवता येईना. शहरांत किरकोळ भाव साठीच्या पुढे गेला होता आणि सासूबाई रोज संध्याकाळी तो आकडा मला ऐकवीत. मग ८ डिसेंबरला निर्यातबंदीच झाली. लासलगावचे भाव काही दिवसांतच निम्म्याच्या आसपास आले, चांदवडला महामार्ग रोखला गेला, आणि माझ्या भावाचा लाल कांदा त्याच आठवड्यांत काढणीला आला होता. फोनवर तो चिडला नव्हता, हेच मला जास्त लागले. "लागण करताना बंदी नव्हती ना, ताई," एवढेच तो म्हणाला. तो माझ्याहून मोठा असून लाडाने मला ताई म्हणतो.

माझा सरकारच्या धोरणावर आक्षेप आहे तो इथेच. शहरातल्या माणसाला परवडेल असा भाव राहावा, याला विरोध करण्याचे कारण नाही. पण कांद्याचे रोप टाकण्यापासून काढणीपर्यंत चार-पाच महिने जातात, आणि निर्णय एका रात्रीत येतो. लावलेले पीक कोणी मागे घेऊ शकत नाही. ३१ मार्च २०२४ पर्यंतची म्हणून जाहीर झालेली बंदी पुढे बेमुदत वाढवली गेली. एप्रिलमध्ये गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली तेव्हा आमच्या जिल्ह्यात साहजिकच संताप झाला. मग ४ मेला, म्हणजे जिल्ह्यातील नाशिक आणि दिंडोरी मतदारसंघांत २० मेला होणाऱ्या लोकसभेच्या मतदानाच्या तोंडावर, बंदी उठली, पण ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झाले. तोपर्यंत बाहेरचे ग्राहक इतरत्र वळू लागलेले होते. नेहमीचा गिऱ्हाईक दुकान बंद पाहून दुसरीकडे गेला की तो दुकान उघडल्याबरोबर परत येत नाही, एवढे तर आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही ठाऊक असते. आबांचे म्हणणे वेगळे आहे. ते म्हणतात, १९८० ची लोकसभा आणि १९९८ ची दिल्ली विधानसभा, दोन्ही निवडणुकांत महाग कांदा प्रचारात होता. एकदा हात पोळलेले राज्यकर्ते भाव वाढताना पाहून स्वस्थ कसे बसतील? हे कारण म्हणून मला मान्य आहे, समर्थन म्हणून नाही.

हे सगळे मुलीला सांगितले का? सांगितले, पण डॉलर आणि टक्के वगळून. बाहेरच्या देशांत कांदा पाठवायला सरकारने काही महिने बंदी केली, त्यामुळे इथे कांदा जास्त राहिला आणि भाव पडला, आजीला स्वस्त मिळाला आणि मामाचे नुकसान झाले, इतके तिला पुरेसे होते.

माहेरच्या बाजूने मी जे बोलते त्याला घरात एका माणसाने गप्प केले, आणि त्या म्हणजे आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी. मी एकदा सासूबाईंना हिशेब करून दाखवत होते की आपल्या सहा माणसांच्या घराला महिन्याला साधारण आठ किलो कांदा लागतो. तो वीसऐवजी साठ रुपयांनी घेतला तरी महिन्याला तीनशे वीस रुपये जास्त जातात, आणि एवढे तर आपण मुलांच्या एका पिझ्झ्याला देतो. असा हिशेब आमच्यासारख्या घरांतून शेतकऱ्याच्या बाजूने नेहमी मांडला जातो. मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, "ताई, आमच्याकडं पिझ्झा येत नाही, कांदाच येतो." त्यांच्या घरी भाजी नसली तर कांदा आणि तिखट हीच भाजी असते. तो महागला तर ताटातून काढायला दुसरे काही उरत नाही. थोरली तिथेच गृहपाठ करीत बसली होती आणि तिने हे ऐकले. त्या रात्री तिने विचारले, "मग सरकारने मावशींना स्वस्त दिला आणि मामाला पण जास्त दिले, असं का नाही करत?" मी म्हटले, तसे थोडेसे करतात. सरकार सुगीत कांदा विकत घेऊन साठवते आणि भाव वाढले की शहरांत कमी दराने विकते. २०२५ साली यासाठी तीन लाख टनांचे लक्ष्य होते. परंतु हा साठा नेमका लाल कांदा बाजारात येण्याच्या सुमारास बाहेर काढला की पुन्हा मामाच्याच भावावर येते, म्हणून गावाकडे लोक या खरेदीकडेही संशयाने पाहतात. तिला हे फारसे पटले नाही. मलाही याचे पूर्ण समाधान देणारे उत्तर कोणाकडून ऐकायला मिळालेले नाही.

या सगळ्यात धाकट्याला मनापासून आवडलेली बातमी एकच, ती म्हणजे कांदा एक्स्प्रेस. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारी साठ्यातला सोळाशे टन कांदा लासलगावहून मालगाडीने दिल्लीला गेला होता. ही बातमी आबांनी जपून ठेवलेल्या कात्रणांत आहे, आणि २०२० साली देवळालीहून बिहारमधील दानापूरला निघालेल्या पहिल्या किसान रेल्वेचेही एक आहे. धाकट्याला आबा झोपताना ही कात्रणे वाचून दाखवतात. गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा त्याला ती बरी वाटतात, कारण त्यांत खरी गाडी आहे. थोरलीने या सोळाशे टनांचा आमच्या घराच्या मापाने हिशेब केला: सोळा लाख किलो, महिन्याला आठ किलो, म्हणजे दोन लाख महिने, म्हणजे सोळा हजारांहून अधिक वर्षे. "आणि दिल्ली हे सगळं किती दिवसांत खाईल?" असे तिने विचारल्यावर आबा म्हणाले, एवढ्या मोठ्या शहराला तेवढा कांदा एक-दोन दिवसांपेक्षा जास्त पुरणार नाही. मोठ्या शहराची भूक आणि एका तालुक्याचे पीक यांचा संबंध तिला तेव्हा प्रथमच जाणवला असावा.

आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदे नवमीला, आमच्याकडे शेजारपाजारच्या मुलांसह मोठे जेवण असते. सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत, त्यामुळे हा त्यांचा चार महिन्यांसाठीचा निरोपाचा दिवस. कांदाभजी, भरले कांदे, कांद्याचे थालीपीठ आणि वांग्याची चमचमीत भाजी असा बेत असतो. भज्यांसाठी उन्हाळ कांदाच हवा. उभा पातळ चिरून, मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवला की त्याला सुटलेल्या पाण्यातच बेसन, ओवा आणि तिखट मावते, वेगळे पाणी घालावे लागत नाही, आणि भजी कुरकुरीत होतात. या वेळी थोरलीने पाहुण्या मुलांना एक माहिती दिली, जी तिने स्वतः शोधलेली होती: चातुर्मासात आणि नवरात्रात अनेक घरांत कांदा बंद असतो म्हणून त्या दिवसांत मागणी कमी होते. समोरच्या घरातल्या मुलाचे वडील हॉटेल चालवतात. तो म्हणाला, "आमच्याकडे कधीच कमी होत नाही, मिसळीला रोज लागतो." नाशिकमध्ये मिसळीचा युक्तिवाद खोडून काढणे कोणालाही शक्य नाही.

कांदे नवमीच्या जेवणाला माझा भाऊ आला होता. यंदा त्याने खरिपात कांद्याचे क्षेत्र कमी करून मका वाढवला आहे. मक्याला किमान हमीभाव तरी जाहीर होतो, २०२५-२६ साठी तो क्विंटलला २,४०० रुपये होता. बाजारात तो प्रत्यक्ष मिळतोच असे नाही, पण कांद्याच्या बाबतीत तर तशी घोषणाही नसते. मक्याचे कणीस महिनाभर घरात पडून राहिले तरी कुजत नाही, हे त्याचे दुसरे कारण. उन्हाळ कांदा मात्र लावणार, कारण चाळ बांधलेली आहे आणि ती रिकामी ठेवणे त्याला बघवत नाही.

जेवणानंतर नेहमीचा वाद झाला. या वर्षी आलेल्या गोण्यांचे पैसे सासूबाईंनी त्याच्यासमोर ठेवले आणि तो बहिणीच्या घरून पैसे घ्यायला तयार होईना. "तुमच्या घामाचं फुकट खाऊन मला पचायचं नाही," असे सासूबाईंनी ठणकावल्यावर प्रश्न आला तो दराचा. तो म्हणाला, द्यायचेच असतील तर मेमध्ये लासलगावला जो सर्वसाधारण भाव होता तो द्या. सासूबाई म्हणाल्या, मी हातगाडीवरून घेतला असता तर जे दिले असते तेच देईन. थोरलीने दोन्ही आकडे वहीत लिहून, बेरीज करून, निम्मे काढले आणि आजीसमोर वही धरली. त्या दराने पैसे मोजून दिले गेले. भावाने ते खिशात घातले, आणि निघताना दाराशी चपला घालता घालता त्यातल्या दोन नोटा दोन्ही मुलांच्या हातात खाऊला म्हणून कोंबल्या. सासूबाई आतून "हे काय चाललंय" म्हणून ओरडेपर्यंत तो जिना उतरून गेला होता.